सेकंड हॅण्ड क्रूझर, फर्स्ट हॅण्ड शहाणपण

बुटकी सीट, उंच हँडल, मागे रोडरोलरसारखा टायर आणि धडधडणारं इंजिन! कस्टम क्रूझर समोरून गेली की माना वळतातच. नवी कोरी परवडत नाही, मग कुणीतरी हौसेने सजवलेली जुनी घेतली तर? आयडिया झक्कास आहे. फक्त पैसे मोजायच्या आधी खिशात एक चुंबक, दोन सुतळ्या आणि सोबत एक खडूस मेकॅनिक हवा. कसा ते वाचा...

मार्च महिना. बोनस नुकताच अकाऊंटला जमा झालेला आणि मी हिंजवडीच्या ऑफिसात एक्सेल शीटवर डुलक्या काढत होते. इतक्यात ग्रुपवर एक फोटो पडला. मॅट ब्लॅक रंग, टाकीवर बारीक सोनेरी रेघ, पुढचं चाक लांब बाहेर गेलेलं आणि सीट एवढी खाली की जणू आरामखुर्ची. मूळची २०१३ ची क्लासिक ३५०, पण आता तिला तिच्या कंपनीनेही ओळखलं नसतं. किंमत एक लाख चाळीस हजार. माझी डुलकी तिथेच उडाली!

आता तुम्ही म्हणाल, क्रूझरच का? तर माझी उंची पाच फूट दोन इंच. साध्या उंच बाइकवर सिग्नलला थांबले की एकच पाय टेकतो, तोही फक्त चवड्यावर. क्रूझरचं पहिलं सुख म्हणजे तिची बुटकी सीट. दोन्ही पाय सपाट जमिनीवर टेकतात आणि जड गाडीचीही भीती वाटत नाही. दुसरं सुख अर्थातच स्टाइल. ते कशाला लपवायचं?

घरी सांगितलं तर आईने चष्मा कपाळावर चढवून फोटो बघितला. म्हणाली, ‘‘फटफटी छान आहे गं. पण मी कुठे बसू?’’

खरंच की! फोटोत मागची सीटच नव्हती. मी हसून विषय टाळला. पण मंडळी, पुढे जे काही झालं, त्यातला सगळ्यात शहाणा प्रश्न आईनेच विचारला होता, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

हे फॅड आलं कुठून?

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या पोरांनी जड बाइकवरचे नको ते पत्रे कापून टाकायला सुरुवात केली. ‘चॉप’ करायचं, म्हणून ‘चॉपर’. १९६९ साली ‘इझी रायडर’ हा सिनेमा आला आणि लांब फोर्कवाली, हात उंच धरून चालवायची ती गाडी जगभरातल्या पोस्टर्सवर झळकली.

आपल्याकडे हार्ली-डेव्हिडसनने भारतात यायची घोषणा केली २००९ साली. तोवर हौशी मंडळींच्या हातात होती ती बुलेट! १९५५ पासून मद्रासमध्ये बनणारी ही गाडी म्हणजे साधी फ्रेम, एकच सिलिंडर आणि नटबोल्टांचा उघडावाघडा कारभार. कापायला, वाकवायला, सजवायला एकदम सोपी. मग गल्लोगल्ली बुलेटच्या क्रूझर व्हायला लागल्या. मुंबईत अक्षय वर्दे यांनी तर कस्टम बाइक्सचा ब्रॅण्डच उभा केला. नाव काय, तर ‘वर्देंची’! ‘‘कुणाची गाडी?’’ या मराठी प्रश्नाचं उत्तर थेट नावातच.

कंपन्यांनाही ही हौस कळलीच होती. २००१ मध्ये बजाजने कावासाकीसोबत एलिमिनेटर आणली, २००२ मध्ये रॉयल एनफील्डची थंडरबर्ड आली आणि २००५ मध्ये बजाजची अ‍ॅव्हेंजर. त्यामुळे आजच्या सेकंड हॅण्ड बाजारात ‘कस्टम क्रूझर’ म्हणून दोन जातींच्या गाड्या भेटतात. एक, मुळातच क्रूझर म्हणून कारखान्यातून निघालेली आणि नंतर हँडल, आरसे, बॅगा बदलून सजवलेली. दुसरी, मूळ वेगळीच, पण गॅरेजमध्ये कापून क्रूझर केलेली. फोटोत दोघी सारख्याच देखण्या दिसतात. सगळी गंमत, आणि सगळा धोका, त्यांच्यातल्या फरकात आहे.

थंड इंजिन, गरम डोकं

आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर एक मेकॅनिक काका आहेत. वय साठीच्या पुढे, बोटांत कायमचं काळं ऑइल आणि बोलणं तिखट. बाबांच्या स्कूटरपासून माझ्या अ‍ॅक्टिव्हापर्यंत सगळं त्यांच्याच हातून गेलंय. त्यांना म्हटलं, ‘‘काका, रविवारी एक गाडी बघायला याल?’’ म्हणाले, ‘‘येतो. पण माझ्या दोन अटी. विकणाऱ्याला सांग, आम्ही यायच्या आधी गाडी चालू करायची नाही. आणि तू तिच्या प्रेमात पडायचं नाही.’’

पहिली अट मी फोनवर कळवली. दुसरी आधीच मोडलेली होती.

गाडीवाला वाकडच्या एका सोसायटीत भेटला. माझ्याच वयाचा, आयटीवालाच, अगदी सभ्य. मला बघून पहिला प्रश्न, ‘‘भावासाठी घेताय का?’’ मी म्हटलं, ‘‘नाही, स्वतःसाठी.’’ तो जरा ओशाळला, सॉरी म्हणाला. पार्किंगमधलं कव्हर निघालं आणि काय सांगू... फोटो काहीच नाही हो! मी नुसती बघत राहिले.

काकांनी मात्र आधी इंजिनवर तळहात ठेवला. थंडगार. ‘‘बरंय,’’ म्हणाले. यामागचा फंडा साधा आहे. गरम इंजिन कुठलंही पटकन सुरू होतं. गार इंजिन पहिल्या फटक्यात कसं उठतं, सुरुवातीला निळा धूर येतो का, टकटक वाजतं का, हे गाडी गार असतानाच कळतं. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल पितंय. विकणारा आपण पोचायच्या आधीच ‘जरा वॉर्म अप’ करून ठेवत असेल, तर चहा प्या आणि गाडी गार होईपर्यंत तिथेच गप्पा मारत बसा.

ही मात्र पहिल्या सेल्फला उठली. आवाज जरा जास्तच मोठा होता, पण धडधड एकसारखी. काका बटणाकडे बघून म्हणाले, ‘‘या इंजिनची बॅटरी कधी मरू द्यायची नाही. कमजोर बॅटरीवर सेल्फ मारत राहिलं की आतला स्प्रॅग क्लच जातो, आणि तो बदलायला इंजिनची एक बाजू खोलावी लागते.’’ २००९-१० च्या आधीची जुनी, कास्ट आयर्न इंजिनवाली बुलेट घेणार असाल तर खेळ वेगळा. तिथे किक मारायच्या आधी अ‍ॅमीटरचा काटा मधोमध आणायचा असतो, आणि बऱ्याच काळ उभ्या गाडीचं ऑइल टाकीतून खाली क्रँककेसमध्ये उतरलेलं असतं. या गोष्टी ज्याला येतात, त्यालाच सोबत न्या.

मग काकांनी खिशातून फ्रिजवर लावतात तसलं चुंबक काढलं आणि टाकीवर फिरवलं. खट्, खट्, खट्... आणि डाव्या बाजूला एका जागी चुंबक घसरून खाली पडलं. ‘‘इथे लांबी भरलीय,’’ काका म्हणाले. म्हणजे चेपलेल्या पत्र्यावर पुट्टीचा जाड थर देऊन वर रंग मारलेला. गाडीवाला लगेच म्हणाला, ‘‘हो, ती माझ्या आधीपासून आहे.’’ ठीक. टाकीला पोचा असणं हा काही गुन्हा नाही. मी किंमत मनातल्या मनात पाच हजारांनी उतरवली आणि पुन्हा सोनेरी रेघेकडे बघत बसले.

मानेला हात लावला, आणि...

काका हँडलसमोर उकिडवे बसले. मोबाइलचा टॉर्च लावला. गाडीच्या फ्रेमचा जो भाग हँडलची दांडी धरून ठेवतो, त्याला काका ‘मान’ म्हणतात. बहुतेक बाइकवर चेसिस नंबर तिथेच कोरलेला असतो. काकांनी आरसीवरचा नंबर वाचला, मानेवरचा वाचला. जुळला. मी म्हटलं, झालं!

‘‘नंबर खरा आहे पोरी,’’ काका म्हणाले. ‘‘पण नंबराच्या भोवतीचं लोखंड बघ.’’

मॅट रंगाच्या खाली, नंबराच्या चारही बाजूंनी, एक उंचवट्याची रेघ होती. डोळ्याला जवळजवळ दिसत नव्हती, बोटाला मात्र स्पष्ट लागत होती. कुणीतरी फ्रेमची मान कापली होती, पुढचं चाक लांब जावं म्हणून ती तिरकी केली होती आणि परत वेल्ड केली होती. नंबराचा तुकडा तेवढा जपून, बाकी सगळं नवं.

गाडीवाला वैतागला. ‘‘काका, घ्यायची नसेल तर नका घेऊ. उगाच गाडीला नावं ठेवू नका.’’

काका चिडले नाहीत. त्याचा हात धरून बोट त्या रेघेवरून फिरवलं. मग पिशवीतून दोन सुतळ्या काढल्या. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंनी जमिनीपासून सारख्या उंचीवर त्या ताणून पुढच्या चाकापर्यंत आणल्या. मागचा टायर जाड, पुढचा बारीक. त्यामुळे पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना थोडी फट राहणारच. पण ती दोन्हीकडे सारखी हवी. इथे डावीकडे माझी दोन बोटं सहज जात होती, उजवीकडे अर्धंही जात नव्हतं. दोन्ही चाकं एका रेषेत नव्हती!

आता थोडं शास्त्र. हँडलची मान किती तिरकी आहे, या कोनाला ‘रेक’ म्हणतात. रेक वाढवला की पुढचं चाक लांब जातं, गाडी सरळ हायवेवर रेल्वेसारखी एकमार्गी धावते. पण कमी वेगात हँडल जड होतं, एका बाजूला पडू बघतं आणि वळायला जागा जास्त लागते. म्हणजे ताम्हिणीच्या वळणावर आणि चांदणी चौकाच्या ट्रॅफिकमध्ये बोंब! हे सगळं गणित मांडून, जिगमध्ये फ्रेम पक्की धरून, निष्णात माणसाने केलं तरी अवघडच. अंदाजपंचे दाहोदरसे केलं तर? ब्रेक दाबला की सगळा भार त्या मानेवर येतो. खड्ड्यात चाक आपटलं की तो धक्काही तिथेच. तिथला वेल्ड हळूहळू चिरत जातो आणि एक दिवस अचानक सुटतो. त्या दिवशी आपण किती वेगात असू, हे आपल्या हातात नसतं.

पार्किंगमध्ये शांतता. मग तो मुलगा हळू आवाजात म्हणाला, ‘‘या गाडीवर मी गोव्याला जाऊन आलोय. दोनदा.’’

स्वस्त झाली म्हणजे सरळ झाली का?

त्याची गोष्ट नंतर कळली. दोन वर्षांपूर्वी त्याने ती एक लाख ऐंशी हजारांना घेतली होती, तीही तयार केलेलीच. गॅरेजवाल्याने ‘फक्त बोल्ट-ऑन काम आहे’ म्हणून सांगितलं होतं. आता बायकोला सातवा महिना. एकसीटी गाडी विकून जुनी का होईना, कार घ्यायची होती. म्हणजे फसवणारा तो नव्हताच. तोही आमच्यासारखाच, फक्त काकांशिवाय गेलेला.

तो म्हणाला, ‘‘नव्वदला घेता का?’’

आता खरं सांगते. मी पाच मिनिटं मनापासून विचार केला. पन्नास हजार वाचतायत! नवी फ्रेम टाकू, सोनेरी रेघ आहेच... काकांना बाजूला घेऊन विचारलंही. ते म्हणाले, ‘‘फ्रेम बदलली की चेसिस नंबर गेला. मग कागद कुठल्या गाडीचे? आणि स्वस्त झाली म्हणजे सरळ झाली का?’’

हा फक्त काकांचा खडूसपणा नाही, कायदाही हेच सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यातलं कलम १८२-अ नव्याने लिहिलं गेलं. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि अपघात झाला तर? विमा कंपनीला न सांगितलेला बदल सापडला की क्लेम अडकलाच म्हणून समजा. म्हणजे मोडलेली गाडी, मोडलेला हात आणि वर बिल आपलंच.

मी नाही म्हटलं. निघताना त्याला विचारलं, ‘‘आता दुसऱ्या कुणाला विकणार?’’ त्याने उत्तर दिलं नाही. कव्हर घालत राहिला. रिक्षात काका आणि मी दोघंही गप्प होतो. कुणी तरी दुसरं, सोबत कुणी काका नसलेलं, पुढच्या रविवारी तिथे जाणार, हे दोघांनाही दिसत होतं.

काकांची चेकलिस्ट: कापा आणि पर्समध्ये ठेवा!

पुढचे दोन महिने आम्ही सहा गाड्या बघितल्या. त्या उन्हातान्हातल्या वणवणीचं हे सार:

गोणी मागा. शहाणा मालक बदललेले सगळे मूळ पार्ट एका गोणीत भरून माळ्यावर ठेवतो. हँडल, सायलेन्सर, आरसे, सीट, इंडिकेटर. गोणी आहे म्हणजे बदल नटबोल्टाचे आहेत, परत फिरवता येतात. गोणी नाही आणि फ्रेमला ग्राइंडर लागलाय, तर नमस्कार करून निघा.

मान आणि मागची फ्रेम बोटाने तपासा. डोळा फसतो, बोट फसत नाही. एवढ्याच भागावर ताजा रंग का आहे, हे विचारा.

हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवा, इंजिन चालू ठेवून. उंच हँडल बसवताना केबल्स लांब कराव्या लागतात. तसं केलं नसेल तर हँडल वळवल्यावर केबल ताणली जाते आणि इंजिनचा आवाज आपोआप वाढतो. वळणावर गाडी स्वतःहून पळायला लागली तर काय होईल, विचार करा!

मागच्या जाड टायरच्या कडा बघा. जागा नसताना जाड टायर कोंबला की तो चेनला किंवा स्विंगआर्मला घासतो. चकचकीत घासलेली जागा लगेच दिसते.

टायरचं वय वाचा. टायरवर चार आकडे असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुनं रबर कडक होतं आणि पावसात दगा देतं.

गाडीच्या पोटाखाली वाका. क्रूझर बुटकी, आपले स्पीडब्रेकर उंच. फ्रेमच्या खालच्या नळ्यांवर ओरखडे किती खोल आहेत, ते बघा.

हेडलाइट उघडायला सांगा. आत रंगीबेरंगी वायर्सना काळ्या टेपच्या गाठी मारलेल्या दिसल्या तर वायरिंग नवं करायचा खर्च धरा. पावसाळ्यात रात्री घाटात दिवा गेल्यावर ही आठवण येते.

सायलेन्सर मूळचा आहे का? कानठळ्या बसवणाऱ्या सायलेन्सरवर पोलिसांनी चक्क रोडरोलर फिरवल्याचे फोटो राज्यातल्या कितीतरी शहरांतून आलेत. तुमचे पाच-दहा हजार असे सपाट व्हायला नकोत.

चालवून बघा, पण सावकाश. पायाच्या वेगात एक आठचा आकडा काढा. मग रिकाम्या सरळ रस्त्यावर पकड सैल करा, पण हात हँडलवरच असू द्या. गाडी एका बाजूला ओढते का? ब्रेक लावताना थरथरते का? उत्तर ‘हो’ असेल तर किंमत विचारूच नका.

कागदांचा कंटाळा नको, बॉस!

गाडी पास झाली तरी अर्धीच लढाई जिंकलीत. एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून आरसी, विमा, पीयूसी आणि कर्जाची नोंद बघा. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय टोकनही देऊ नका. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. रंग बदललाय? मग आरसीवर तो नोंदलाय का, तेही बघा. आरसीवर ‘लाल’ आणि समोर मॅट ब्लॅक असेल तर चौकाचौकात खुलासा देत बसाल.

गाडी पंधरा वर्षांच्या जवळ आलीय का? मग नोंदणीचं नूतनीकरण, त्यासाठी तपासणी आणि पर्यावरण कर हे सगळं तुमच्या माथी येणार. आणि तपासणीला उभी राहणार ती तुमची सजवलेली गाडी! इथेच ती गोणी कामाला येते.

नंबर प्लेटचीही हौस आता विसरा. ४१४१ चा ‘दादा’ आणि २१४ चा ‘राम’ करून मिरवायचे दिवस गेले. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बंधनकारक झालीय.

विकणाऱ्यांनो, तुम्हीही ऐका. पैसे मिळाले, किल्ली दिली, सुटलो, असं नसतं. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक. तुम्ही विकलेल्या गाडीने कुणाला उडवलं आणि नोंदीत अजून तुमचंच नाव असेल, तर भरपाईची नोटीस तुमच्या दारात येईल. विमाही नव्या मालकाच्या नावावर करायचा असतो. त्यासाठी चौदा दिवसांत अर्ज करा. ‘नो क्लेम बोनस’ मात्र गाडीबरोबर जात नाही, तो जुन्या मालकाचाच राहतो.

आणि शेवटी...

सातवी गाडी कोथरूडमध्ये मिळाली. २०१७ ची अ‍ॅव्हेंजर क्रूझ २२०. सीट बुटकी, म्हणजे माझे दोन्ही पाय आरामात जमिनीवर. मालक एक बँकवाले काका, एकहाती वापरलेली. हँडल बदललेलं, गोल आरसे, दोन्ही बाजूंना चामड्याच्या बॅगा, टाकीचा रंग मूळचाच. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, ‘‘थांबा, जुने पार्ट पण देतो.’’ आणि आतून चक्क गोणी घेऊन आले!

आमच्या मेकॅनिक काकांनी सुतळ्या लावल्या. डावीकडे एक बोट, उजवीकडे एक बोट. चुंबक कुठेच पडलं नाही. तासभर शोधून त्यांना एकच खोट सापडली, पुढच्या ब्रेकचे पॅड संपत आलेले. ते नाना पेठेत दुसऱ्याच दिवशी मिळाले. पुण्याच्याच कंपनीची गाडी, पार्टसाठी वणवण नाही, हा आणखी एक फायदा.

ग्रुपवर फोटो टाकला तर मित्रांनी उडवलीच. ‘‘बुलेट बघायला गेलीस आणि अ‍ॅव्हेंजर आणलीस?’’ उडवू देत. त्यांना ती रेघ बोटाखाली लागलेली नाही.

आणि तो वाकडचा मुलगा? तीन आठवड्यांनी तीच जाहिरात ग्रुपवर पुन्हा आली. फोटो तोच, सोनेरी रेघ तीच. माझ्या पोटात गोळा आला. मग खालचा मजकूर वाचला. किंमत काढून टाकलेली होती आणि नवीन एकच ओळ होती: ‘फ्रेम कापून वेल्ड केलेली आहे. रस्त्यावर चालवण्यासाठी नाही, फक्त पार्ट्ससाठी.’ एक लाख ऐंशी हजारांची गाडी होती हो ती, आणि घरात बाळ येणार होतं. मी काकांना मेसेज दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाले, ‘‘त्याला सांग, पुढची गाडी बघायला जाशील तेव्हा मला फोन कर. पैसे घेणार नाही.’’

मी सांगितलं. त्याचा फोन आला, आणि मागच्याच महिन्यात काका त्याच्यासोबत एक जुनी कार बघून आले. चुंबक आणि टॉर्च घेऊन!

गाडी घरी आली त्या दिवशी आईने हँडलला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. मग पदर खोचून, हेल्मेट चढवून मागे बसली. पाठ टेकायला बॅकरेस्ट आहे हे बघून खूश! पाषाणपर्यंत गेलो, चहा प्यायलो, परत आलो. पार्किंगमध्ये उतरताना म्हणाली, ‘‘त्या काळ्या फटफटीवर मला जागाच नव्हती. मी तेव्हाच म्हटलं होतं.’’

म्हटलं होतं खरं!